नाव न घेतलेला पाहुणा

साळूआत्याला वहीम यायला कारण लागत नसे. दूधवाल्यानं माप घालायच्या आधी तांब्या पुसला की तिला वाटायचं, यानं पाणी कालवलंच. शेजारी भर दुपारी फोडणीचा वास आला की हिनं ओळखलंच, पाहुणे आले, आणि आपल्याला सांगितलं नाही म्हणजे पोरगी बघायलाच आले. बरं, मेलं खरंही निघायचं बऱ्याचदा, हीच तर पंचाईत. त्यामुळं अख्ख्या वाटूरात तिच्या वहिमाला वजन आलेलं. नवरा तरुणपणीच गेला, तेव्हापासून ती धाकट्या भावाच्या घरी होती. भाऊ म्हणजे रामराव. रामराव बायकोचं ऐकत नसे, सरपंचाचं ऐकत नसे, पण आक्कानं सांगितलं की विषय संपला.

म्हणून सत्त्याण्णव साल उजाडायच्या आधी, दिवाळी होऊन गेल्यावर, रामरावचा मंठ्याचा मेहुणा कारभारी मोसंबीचा ट्रक घेऊन हैदराबादला गेल्ता, तो परत आल्यावर त्यानं जे सांगितलं ते रामरावनं पहिल्यांदा आक्काच्या कानावर घातलं. रामरावची थोरली पोरगी शरयू तिकडच्या मोठ्या विद्यापीठात एमेस्सीला होती. कारभारी भाचीला भेटायला म्हणून गेला, तर ही कँटीनच्या पायऱ्यांवर पोरांच्या घोळक्यात बसून चहा पिऊन राह्यली होती. मामाला बघून उठली बराबर, पाया पडली, पण तोपर्यंत जे हसत होती ते कारभारीनं पाहिलं. असं हसणं आपल्या घरात कोणी हसत नाही, असं तो म्हणाला.

साळूआत्याला ते विद्यापीठ आधीपासूनच पटलं नव्हतं. शरयू सुटीत आली की तिथल्या गोष्टी सांगायची. तिथं म्हणे गावाएवढं रान आहे, मोठमोठे धोंडे आहेत, मोर फिरतात आणि एका हॉस्टेलवरून दुसऱ्यावर जायचं तर बस लागते. मेसमधे एका टेबलावर एक पोरगी दहीभात खाते, दुसरी पोळी, तिसरी सुकी मासळी, आणि कोणी कोणाच्या ताटाकडं बघून नाक मुरडत नाही. इराणचे आहेत, सुदानचे आहेत, पार बर्माच्या अंगाकडचे आहेत. आत्या ऐकून घ्यायची आणि मनात म्हणायची, सगळे एका ठिकाणी कशाला आणून ठेवलेत सरकारनं? काहीतरी असेल. उगाच कोण एवढा खर्चा करतंय.

झालं असं, की जानेवारीत शरयूच्या वर्गाची सहल वेरूळ-अजिंठ्याला आली. परतीच्या वाटेवर दोस्तांना हुरडा खायला घरी आणू का, असं तिनं फोनवर विचारलं. रामराव लगेच हो म्हणाला. सोनूबाई, म्हणजे शरयूची आई, खूश झाली, पण साळूआत्यानं भावाचा चेहरा पाहिला आणि ती काय समजायचं ते समजली. रात्रीची भांडी झाल्यावर रामराव तिच्याजवळ येऊन बसला.

"आक्का, टेंभुर्णीवाले शरयूच्या सोयरिकीचं उत्तर मागून राह्यलेत. पोरं उद्या येतील, संध्याकाळच्या गाडीनं जातील. तू फकत बघ. काही नसलं तर शरयू जाईल, परीक्षा देईल, टेंभुर्णीवाले थांबतील न्हाईतर जातील. काही असलं तर तिची बॅग इथंच राहील."

असं सगळं आत्याच्या अंगावर येऊन पडलं. पोरीची दोन वर्षं शिकून झाली होती, शेवटची एप्रिलातली परीक्षा तेवढी राह्यली होती, आणि ती द्यायची की नाही हे आता साळूआत्या सांगणार होती. तिला काही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. इतकी वर्षं फुकटच बघत आली होती, आज कोणीतरी बघायला सांगितलं.

सकाळी परतूरहून जीप आली आणि शरयूबरोबर तीन पाहुणे उतरले. एक पोरगी, नाझनीन, हैदराबादच्या जुन्या शहरातली. बोलायला फटकळ. तिनं उतरल्या उतरल्या आत्याला "सलाम फुप्पी" केला आणि आत्यानंही "जीती रहो" म्हणून टाकलं, कारण निजामाच्या राज्यात जन्मलेल्या बाईला ती भाषा काही नवी नव्हती. मागून एक उंच, सावळा, शांत पोरगा उतरला. तेलंगणातल्या शेतकऱ्याचा, घरी कापूस आणि मिरची. त्यानं चपला बाहेर काढल्या, हातपाय धुतले आणि मगच ओसरीवर चढला. तिसरा मणिपूरचा. बुटका, गोरा, बारीक डोळ्यांचा, गळ्यात कॅमेरा. त्याला बघायला वेशीपर्यंतची पोरं मागून आल्ती. कोणी म्हणालं नेपाळी, कोणी म्हणालं चिनी. त्याचं नाव टोंबा होतं, आणि ते अर्ध्या तासात गल्लीला पाठ झालं, कारण शरयू उतरल्यापासून त्याच नावानं ओरडत होती. टोंबा, तिकडं नको जाऊ, बैल मारकुटा आहे. टोंबा, ते पाणी हात धुवायचं आहे. टोंबा, अरे शेण आहे ते!

साळूआत्यानं टोंबाला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि हिशोबातून काढून टाकलं. जो माणूस भाकरी कशी मोडायची ते विचारतो, त्याच्यावर काय वहीम घ्यायचा? तिचं लक्ष त्या उंच पोरावर बसलं. जातीचा शेतकरी दिसत होता, रीतभात होती, दिसायलाही बरा. म्हणजे असाच कोणीतरी असणार. चोर शोधायला निघालेला माणूस शेळीला पकडत नाही.

दुपारी सगळे मळ्यात गेले. भिवा सालगड्यानं आगटी पेटवून ठेवली होती. गूळभेंडी ज्वारीची कणसं गोवऱ्यांच्या निखाऱ्यात खुपसायची, खरपूस झाली की काढायची आणि गरम गरम हातावर चोळायची. सोबत तिळाची चटणी, गूळ आणि ताक. पाहुण्यांना चोळता येईना, हात भाजायचे, भिवा खो खो हसायचा. नाझनीननं एक कणीस चोळलं आणि अर्धा हुरडा मातीत सांडला. साळूआत्या पोत्यावर बसून सगळ्यांना चोळून देत होती आणि तिचे कान मात्र शरयूवर होते.

आणि तिथंच तिला ते सापडलं.

शरयू टोंबाला टोंबा म्हणत होती. नाझनीनला नाझ म्हणत होती. भिवाला भिवाकाका. पण त्या उंच पोराला तिनं सकाळपासून एकदाही नावानं हाक मारली नव्हती. "अरे, चटणी घे." "तू ऐक ना." "हे बघ, ते काय सांगून राह्यले." एवढंच नाही. नाझनीन मधेच त्याला काहीतरी म्हणायला गेली, तोंडातून पहिलं अक्षर निघालं न निघालं तोच शरयूनं डोळे वटारले, आणि नाझनीननं जीभ चावली. मग दोघीही हसल्या. पोरगाही खाली मान घालून हसला. जवळच रामराव कणसं खुडून आणत होता, त्याला यातलं काही दिसलं नाही.

साळूआत्याच्या हातातलं कणीस हातातच राह्यलं. नाव घ्यायचं कोण टाळतं, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. तिनं स्वतःच्या नवऱ्याचं नाव लग्न झाल्यापासून आजतागायत तोंडातून काढलं नव्हतं. तहसीलमधे कारकुनानं विचारलं तेव्हाही तिनं शेजारणीला पुढं केलं होतं आणि तिच्याकडून सांगवलं होतं. बाईनं ज्याला मनातून नवरा मानला, त्याचं नाव ती घेत नाही. ही तर शिकलेली, हिला कोणी बळजबरी केली नव्हती, तरी घेत नाही. म्हणजे गोष्ट किती पुढं गेली असेल! कुठंतरी मनात तिला पोरीचं कौतुकही वाटलं, की हैदराबादला जाऊनही आपली रीत सोडली नाही. पण ते कौतुक तिनं दाबून टाकलं.

तिनं विहिरीजवळ रामरावला गाठलं आणि सांगितलं. रामरावनं दोनदा विचारलं, बराबर पाहिलंस का. ती म्हणाली, बिलकुल. नावच घेत न्हाई त्याचं, आणि दुसऱ्यालाही घेऊ देत न्हाई. रामरावनं हातातली कणसं भिवाकडं दिली आणि तो घराकडं चालायला लागला.

पाहुणे गावातलं देऊळ बघायला गेल्ते तेव्हा त्यानं शरयूला स्वयंपाकघरात बोलावलं. साळूआत्या दारात उभी होती. तिला वाटलं होतं, पोरगी रडेल, भांडेल, परीक्षेचं सांगेल, तोंड वर करून बोलेल. मग आपणही चार शब्द सुनवू. रामराव एवढंच म्हणाला, की तू आता जायचं नाहीस, बॅग घरात ठेव, तुझ्या दोस्तांना मी गाडीवर पोचवतो.

"कोणी काही सांगितलं का, दादा?" शरयूनं विचारलं.

"कोणी काय सांगायचं?"

तिनं एकदा आत्याकडं पाहिलं. मग बाहेर गेली, ओसरीवरची बॅग उचलून आत आणून कणगीमागं ठेवली, हात धुतले आणि आईच्या हातातून परात घेऊन पाहुण्यांच्या शिदोरीच्या भाकऱ्या थापायला बसली. ना रडणं ना बोलणं. भाकरीही चांगली गोल थापत होती. सोनूबाई पदर तोंडाला लावून भिंतीकडं तोंड करून उभी राह्यली. साळूआत्याला त्या भाकरीच्या आवाजाची भीती वाटायला लागली. पोरगी भांडली असती तर आत्या जिंकली असती. ही तर आधीच ठरवून बसल्यासारखी बसली, की असं एक दिवस होणारच होतं. दोन वर्षं रोज तयारीत असल्याशिवाय कोणी एवढ्या लवकर चुलीपुढं बसत नाही. आत्याला पहिल्यांदा वाटलं, आपण थोडं थांबायला पाहिजे होतं.

पाहुणे परत आले. जीप दारात लागली होती. निघताना एकेक जण पाया पडायला लागला. त्या उंच पोरानं रामरावच्या पायाला हात लावला, तेव्हा रामराव आशीर्वाद द्यायचा सोडून ताठ उभा राह्यला आणि तिरसट आवाजात म्हणाला, "नाम क्या है जी तुम्हारा? सुबह से किसी ने बताया नहीं."

पोरगा गोंधळला. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं. तिथं शरयू पीठ लागलेल्या हातांनी उभी होती. मग तो हळूच म्हणाला, "सर, वो... आपका ही नाम है. रामाराव."

मग नाझनीननं कपाळावर हात मारला.

"उफ, आखिर बोल दिया! अंकल, शरयू ने टेसन पे-च हम लोगों को कसम दी. हमारे घर में इसका नाम नक्को लेना, अब्बा का नाम है, अब्बा के सामने कैसा चिल्लाते रामाराव, रामाराव करके? सुबह से 'अरे', 'ओ' करते करते हमारी ज़बान थक गई."

रामराव आधी नुसता बघत राह्यला. मग त्याच्या पोटातून हसू निघालं. तो हसता हसता बाजेवर बसला, पुन्हा उठला, त्या पोराच्या पाठीवर थाप मारली, पुन्हा हसला. म्हणाला, "अरे बाबा, तुझ्या पायी दुसऱ्या रामरावला किती घाम फुटला!" आणि भिवाला हाक मारून सांगितलं, शरयूची बॅग काढ कणगीमागून, जीपमधे टाक, जल्दी.

साळूआत्याला मात्र धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. कारण दुसऱ्या कोणाचं चुकलं असतं तर चाललं असतं. तिच्या स्वतःच्या आईनं या रामरावला जन्मभर 'बाळ्या' म्हणून हाक मारली होती. का, तर रामराव हे आईच्या आजेसासऱ्याचं नाव. थोराचं नाव तोंडी घ्यायचं नाही म्हणून पोराला बाळ्या. हे सगळं ज्या घरात झालं त्या घरात ती वाढली, आणि तरी नवरा सोडून दुसरं काही तिला सुचलं नाही. वाईटच बघायची खोड लागली आपल्याला, असं ती मनातल्या मनात स्वतःला म्हणाली, आणि हे म्हणताना तिला खरंच रडू आलं.

पोरीला पोचवायला म्हणून तीही जीपमधे बसली. तिनं ठरवून टाकलं, आता कोणाकडं बघायचंच नाही.

परतूर स्टेशनवर गाडीला उशीर होता. एका बाजूला दोन रामराव कापसावर पडणाऱ्या अळीबद्दल बोलत उभे होते, रामरावला आता त्या पोराशिवाय करमेना. साळूआत्या बाकावर बसली. समोर नाझनीन शरयूशी बोलत बॅगा एकावर एक रचत होती. थंडी पडायला लागली होती, आणि टोंबा टपरीवरून चहाचे ग्लास घेऊन आला. एक नाझनीनला दिला, एक आत्याला. तिसरा त्यानं स्वतःला ठेवला. गाडीचा सिग्नल पडला का ते बघत अर्धा प्यायला, आणि न बघताच हात बाजूला केला. शरयूनं तिकडं न बघताच तो ग्लास घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. पिताना ती नाझनीनशी बोलत होती. बोलणंही तुटलं नाही.

एवढंच झालं. हात धरणं नाही, डोळ्यात डोळा नाही. पण साळूआत्यानं आपला ग्लास बाकावर ठेवला. उष्टं आई लेकराचं खाते आणि बायको नवऱ्याचं. बाकी माणसं खातात, दोस्तही खातात, पण ते खाताना जरा हसतात, जरा तोंड वाकडं करतात, निदान बघतात तरी. न बघता घेणं म्हणजे रोजचं. आणि सकाळपासून जिचा गळा टोंबा, टोंबा ओरडून बसला होता, ती हीच पोरगी. नाव टाळणं यांच्यात राह्यलंच नव्हतं. ज्याचं नाव ती सगळ्या गल्लीसमोर घेत होती, तोच तो होता.

शरयूनं रिकामा ग्लास खाली ठेवला आणि तिला आत्याचे डोळे दिसले. तिचा चेहरा पांढरा पडला. स्वयंपाकघरात परात घेताना पडला नव्हता, तो आता पडला. ती बाकापाशी आली आणि आत्याच्या पायाशी बसली. रामराव थोड्या अंतरावर होता, नुसती हाक मारली तरी आला असता. आत्यानं तोंड उघडलंसुद्धा. इतक्या वर्षांची सवय अशी एका दुपारीत जात नाही.

"आत्या," शरयू म्हणाली.

"परीक्षा कधी संपती तुझी?"

"एप्रिलात."

"मंग एप्रिलपर्यंत मला काही दिसलेलं न्हाई. पेपर नीट दे. पुढचं पुढं बघू, आणि तुझ्या बापाला सांगायचं झालं तर आधी मला सांग. एकटीनं सांगायला जाऊ नको."

शरयूनं तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकवलं. तेवढ्यात गाडी आली, पळापळ झाली. टोंबानं खिडकीतून आत्याचा फोटो काढला, आणि आत्यानं कधी नव्हे तो काढू दिला. रामराव डब्याबरोबर चालत चालत दुसऱ्या रामरावला पुढच्या वर्षी पुन्हा ये म्हणून सांगत राह्यला.

परतताना जीपमधे रामराव फार खुशीत होता. टेंभुर्णीवाल्यांना उद्याच कळवतो, पोरगी शिकतीय, थांबायचं असलं तर थांबा, असं म्हणाला. कारभारीलाही चांगलं सुनवणार होता. मग त्यानं बहिणीची मस्करी सुरू केली.

"काय आक्का, अजून कोणावर वहीम असला तर सांगून टाक. तो चिनी पोरगा राह्यला बघ. त्याच्यावर न्हाई का आला?"

"त्याच्यावर कसा येईल?" साळूआत्या म्हणाली.

"तेच की," असं म्हणून रामराव जो हसत सुटला तो वाटूरच्या फाट्यापर्यंत हसतच होता. साळूआत्या त्याच्याकडं बघत बसली. किती दिवसांनी तो असा हसत होता, आणि एप्रिलात हे हसू आपल्यालाच पुसावं लागणार, हे तिला तेवढ्यात कळून चुकलं.